अंगावरचं बी

लोसारचे, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाचे पाहुणे पांगले, तशी आंगे गाकीने तुळईवरची मिरच्यांची माळ खाली काढायला सांगितली. झेकोमने चुलीशेजारी स्टूल ओढलं आणि वर चढून माळ सोडवली. एरवी ती दोन हात लांब असायची. यंदा वीतभरही नव्हती.

गेल्या पावसाळ्यात मर रोगाने शेत आडवं केलं होतं. फुलावर आलेली झाडं सकाळी ताठ असायची आणि संध्याकाळपर्यंत माना टाकायची. उपटून पाहिलं की बुंधा मातीलगत काळा. वरच्या बांधाशी पाणी थांबत नाही, तिथली तेवढी एक ओळ वाचली. त्या ओळीतली मिरची कुणी तोंडात घातली नाही. सगळी बियांसाठी ठेवली. हिवाळाभर घराने विकतची मिरची खाल्ली, आणि दर जेवणाला आंगे गाकी विचारत राहिली, "आज काय, गवत शिजवलंय?"

सगळं गाव तिला आंगे, म्हणजे आजी म्हणायचं. तिच्या दोन मुली, झेकोम आणि ल्हादेन, तिला आमा म्हणायच्या.

गाव भूतानमधल्या पारोच्या खोऱ्यापासून बरंच वर होतं. खाली भात व्हायचा, इथे गहू आणि बटाटा. एवढ्या उंचीवर मिरचीचं झाड वाढतं, फळही धरतं, पण फळ लाल व्हायच्या आत एका पहाटे दव गोठतं आणि खेळ संपतो. आंगे गाकीच्या घरची मिरची मात्र त्याआधी लाल व्हायची. त्यात जादू काही नव्हती. तिच्या आजीने, आईने आणि तिने एकच गोष्ट न चुकता केली होती. शेतात सगळ्यांत आधी जी मिरची लाल होईल तिचंच बी धरायचं. मागून पिकलेली कितीही मोठी, कितीही देखणी असो, ती खायची. आणि लाल मिरची घराबाहेर जाऊ द्यायची नाही. हिरव्या मिरच्या त्यांनी टोपल्या भरभरून वाटल्या आणि विकल्या. हिरव्या मिरचीतलं बी कच्चं असतं, ते उगवत नाही.

पेरणीची रीतही त्यांची स्वतःची होती. लोसारनंतर सकाळी हंड्यातल्या पाण्यावर अजून बर्फाची साय धरलेली असते. अशा थंडीत मातीत टाकलेलं मिरचीचं बी कुजून जातं. म्हणून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, ओल्या फडक्यात बांधायचं आणि घरातल्या बाईने ती पिशवी किराच्या, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्राच्या, पट्ट्याखाली पोटाशी धरायची. जेवताना, झोपताना, गोठ्यात वाकताना ती तिथेच. मोड दिसले की मगच बी वाफ्यात. आंगे गाकीने आईकडून पिशवी घेतली त्या वर्षी घरही तिच्याकडे आलं. घर मुलीकडे जातं, आणि कुठल्या मुलीकडे हे ठरवायला त्यांच्यात कधी चार माणसं बसवावी लागली नव्हती. जिच्या पोटाशी पिशवी तिचं घर.

आंगे गाकीचे डोळे अधू झाल्यापासून पिशवी झेकोमच्या पोटाशी असायची. पण ती तिला दिलेली नव्हती. दर वर्षी आई एवढंच म्हणायची, "माझ्याऐवजी तू धर." झेकोम धरायची. आई कधीतरी पुढचं वाक्य बोलेल, याची तिने वाट पाहिली होती.

यंदा ल्हादेन घरी होती. ती ऑस्ट्रेलियात पर्थला असायची, कित्येक वर्षांनी आली होती. तिकडे तिला एक मुलगी होती, आणि आंगे गाकी रोज संध्याकाळी फोनच्या काचेला नाक लावून त्या नातीला पाहायची. झेकोमला एकच मुलगा, तोही लहानपणीच गोम्पात भिक्षू झालेला.

माळ हातात घेऊन झेकोम आईसमोर बसली. मिरच्या फोडून तिने बी ताटलीत झटकलं. मूठभर भरलं असतं.

"आमा, यंदा बी फार थोडं आहे. त्यातलं निम्मं बाजूला ठेवते."

"कशाला?"

"काही झालं तर असावं."

"काय व्हायचंय? उंदरांना जेवायला घालणार आहेस का?" आंगे गाकीने ताटली चाचपडत आपल्याकडे ओढली. "माझ्या मावशीने असंच दोन ठिकाणी ठेवलं होतं. एक पिशवी या मुलीला, एक त्या मुलीला. आज त्या दोघी एकमेकींच्या उंबऱ्यावर पाणी पीत नाहीत. बी एका जागी राहील."

झेकोमने सगळंच बी कोमट पाण्यात भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आईने स्वतः फडक्यात बांधलं, त्याला दोरी लावली आणि हाक मारली.

"ल्हादेन! इकडे ये. पट्टा सैल कर."

ल्हादेन सज्जात उभी राहून डोंगराचे फोटो काढत होती. ती आत आली, पिशवीकडे पाहिलं आणि हसली. "मी पट्टा कुठे बांधलाय, आमा? जीन्सच्या खिशात चालेल का?"

"चालेल की. मिरच्याही इंग्रजी बोलायला लागतील." आंगे गाकी खुद्कन हसली. मग तिचा आवाज बदलला. "जा, माझी किरा नेस. आणि नीट ऐक. ही अंगापासून दूर करायची नाही. गार पडता कामा नये. आता ही तुझी."

झेकोमच्या हातात चहाचा मग होता. तिने तो खाली ठेवला आणि चुलीत लाकूड सारलं. लाकूड आधीच भरपूर होतं.

"आझिमला दे ना," ल्हादेन थोरल्या बहिणीकडे पाहत म्हणाली. "दर वर्षी तीच करते."

"तिने माझ्याऐवजी केलं," आई म्हणाली.

झेकोमचा नवरा फुब गोठ्यात दूध काढत होता. झेकोमने त्याला सांगितलं तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"तिला मिरवू दे चार दिवस," तो म्हणाला. "वाफा तर तूच करणार."

"वाफा काय, मजूरही करतो."

फुबने दुसऱ्या सडाला हात घातला. घरजावई म्हणून आला त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती. या घरात काय बोलायचं नसतं हे त्याला पाठ होतं.

झेकोमने वाफा केला. घरामागे वारा अडतो तिथे तिने गुडघाभर खड्डा खणला, तळाशी ताजं शेण आणि ओकचा पाला तुडवून भरला, वर चाळलेली माती आणि राख पसरली, बांबूच्या कामट्या वाकवून प्लॅस्टिकचा कागद ताणला. खालचं शेण कुजताना तापतं आणि ती ऊब मातीतून वर येते. रोज सकाळी ती कागदाखाली कोपरापर्यंत हात घालून अंदाज घेई. फार गरम असेल तर बी भाजतं, गार असेल तर बसून राहतं. यंदा वाफा सुरेख तापला होता. हात बाहेर काढला की त्यातून वाफ निघे. झेकोमला आपलाच राग येई, कारण तरीही तिला बरं वाटे.

ल्हादेन पोटावर हात ठेवून मागे मागे फिरायची. तिच्या डोक्यात बेत होते.

"आझिम, खालच्या गोठ्याच्या दोन छान खोल्या होतील बघ. पर्यटकांना असंच जुनं घर हवं असतं. आणि दगडांची आंघोळ! त्यासाठी तर वेडे होतात लोक."

"आणि गाई?"

"गाई कशाला हव्यात? दूध मिळतं की दुकानात."

"शेण मिळतं का दुकानात?"

ल्हादेन मोकळेपणाने हसली. ती लहानपणापासून अशीच हसायची, समोरच्याने टोमणा मारलाय हे तिच्या गावीही नसायचं. "तू आणि दाजी वरच्या खोलीत राहा ना. तुम्हाला कोण जा म्हणतंय?"

झेकोमने कुदळ मातीत मारली. ती ज्या खोलीत जन्मली, ज्या खोलीत तिने मुलाला जन्म दिला, त्या खोलीत राहायची परवानगी तिला आत्ता मिळाली होती.

पिशवी बांधून थोडे दिवस झाल्यावर ल्हादेनची कंबर धरली. थंडीची आणि जमिनीवर झोपायची सवय राहिली नव्हती. आंगे गाकीने फर्मान काढलं, "दगड तापवा. तिला डोणीत बसवा."

लाकडी डोण ओढ्याकाठी होती, तीन बाजूंनी फळ्यांचा आडोसा असलेली. फुबने दुपारपासून जाळ केला आणि ओढ्यातले गोटे त्यात रचले. ऊन उतरेपर्यंत ते आतून लाल झाले. डोणीच्या एका टोकाला भोकांची फळी उभी ठोकलेली असते. तापलेले दगड फळीपलीकडे सोडायचे, पाणी तिथे उकळतं आणि भोकांतून माणसाच्या बाजूला येतं. झेकोमने पाण्यात दवण्यासारख्या वासाचा कडू पाला टाकला होता. वाफेला त्याचा वास सुटला.

"आझिम, आत कुणी डोकावत नाही ना?" ल्हादेन किरा सोडत ओरडली.

"तुला बघायला कोण येणार आहे? अस्वल?"

"अस्वल आलं तर त्याला सांग, पाणी गरम आहे, तूही ये."

पाण्याचा चुबुक आवाज आला, मग समाधानाचा मोठा सुस्कारा. फुब जाळाजवळ उकिडवा बसून डोमा, सुपारीचा विडा, चघळत होता. झेकोमने लांब दांड्याच्या चिमट्यात पहिला दगड धरला, फळीमागे सोडला. पाणी फुसफुसलं. तिने दुसरा सोडला. तिसरा घेऊन वाकली तेव्हा वाफ वाऱ्याने क्षणभर बाजूला झाली, आणि तिला पिशवी दिसली.

भोकांच्या फळीला वर एक खिळा होता, टॉवेल अडकवायचा. ल्हादेनने पिशवी तिथे अडकवली होती. दोरी लांब होती. पिशवी फळीच्या दगडांकडच्या अंगाला लोंबत होती आणि तिचं बूड पाण्यात टेकलं होतं, जिथे दगड पडत होते तिथेच. ल्हादेनने आईचं ऐकलं होतं. पिशवी गार पडू दिली नव्हती.

झेकोम दगड धरून उभी राहिली.

कोरडं बी पुष्कळ सोसतं. तुळईवर चुलीचा धूर आणि धग खाऊनही ते वर्षभर झोपून राहतं. पण एकदा पाणी पिऊन फुगलं की ते जागं होतं, आणि जागं झालेलं बी सोसत नाही. आतला अंकुर कशाने मरतो हे झेकोमला कुणी शिकवलं नव्हतं, पण मरतो हे तिला माहीत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. ल्हादेन, पिशवी काढ. ती हात लांब करून काढली असती, जीभ चावली असती, आणि रात्री जेवताना स्वतःच आईला हसत सांगितलं असतं. मग मोड आले असते. रोपं झाली असती. घर ल्हादेनचं झालं असतं.

"आझिम? थांबलीस का? आण ना आणखी एक!"

झेकोमने दगड सोडला.

पाणी उसळलं, पिशवी त्यात बुडाली आणि पुन्हा वर आली. झेकोम जाळाकडे गेली, आणखी एक दगड उचलला, तोही सोडला. आणि मग आणखी एक.

"पुरे," फुब म्हणाला. "उकडून काढतेस का तिला?"

आतून ल्हादेनचा आवाज आला, जड आणि सुखावलेला. "राहू दे, दाजी. आझिमच्या हातचं पाणीच वेगळं."

बाहेर आल्यावर ल्हादेनने पिशवी बहिणीच्या गालाला लावली. "बघ, कशी उबदार ठेवलीय. आमा खूश होईल." फडक्याला पाल्याचा वास येत होता. झेकोम म्हणाली, "हो." आणि विस्तवावर पाणी ओतलं.

बी मेलंच असेल अशी तिला खात्री नव्हती. पिशवीच्या मधलं बी कदाचित वाचलं असेल. हे ती पुढे रोज स्वतःला सांगत राहिली, आणि रोज वाफ्यात हात घालून पाहत राहिली.

मोड यायची वेळ झाली तेव्हा आंगे गाकीने दोघींना चुलीपाशी बसवलं. तिला दिसत कमी असल्यामुळे ती मोड जिभेने तपासायची. जिवंत मोड जिभेला काट्यासारखा लागतो. तिने फडकं सोडलं, एक बी उचलून जिभेवर ठेवलं. मग दुसरं. तिसरं तिने पुढच्या दातांत धरून दाबलं. मग फडकं नाकाशी नेलं आणि बराच वेळ हुंगलं.

"हे शिजलंय," ती म्हणाली.

"शिजलंय म्हणजे?" ल्हादेनचा चेहरा पडला. "मी एक क्षणसुद्धा काढली नाही, आमा. झोपेतसुद्धा नाही. फक्त डोणीत... ओली होऊन गार पडेल म्हणून फळीला अडकवली. गरम बाजूला."

"गरम बाजूला," आई म्हणाली.

"मला वाटलं ऊब लागते ना. आणि आझिम होती तिथे, दगड टाकत होती. चुकीचं असतं तर ती बोलली असती." तिने झेकोमकडे पाहिलं. तिच्या नजरेत आरोप नव्हता. साक्ष मागावी तशी ती पाहत होती. "आझिम, तू होतीस ना?"

"वाफ होती," झेकोम म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

फुब दारात बूट काढत होता. तो बूट काढतच राहिला.

आंगे गाकीने डोळे झेकोमच्या दिशेने वळवले. त्यांवर पांढरट पडदा होता, झेकोमचा चेहरा तिला धूसर डागासारखा दिसत असणार. तरी झेकोमने मान खाली घातली.

"ल्हादेनला माहीत नव्हतं," आई म्हणाली. "तुला माहीत होतं."

"आमा, मी म्हटलं ना, वाफ—"

"ऐकलं मी. वाफ होती."

तिने फडकं पुन्हा बांधलं, गाठ पक्की केली आणि झेकोमच्या मांडीवर ठेवलं. "घे. पिशवी तुझी. घर तुझं. आणखी कुणाला देऊ आता?"

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हेच होतं.

झेकोमने ती पिशवी पोटाशी धरली, वेळ टळून गेल्यावरही धरली. फडक्याला आंबट वास यायला लागला, किराला डाग पडला, तरी सोडली नाही. शेवटी फुबनेच एका सकाळी ती तिच्या हातातून घेतली आणि खतात टाकली. घरातला डबा न् डबा तिने उपडा केला. एका पत्र्याच्या डब्याच्या तळाशी जुन्या मिरच्या मिळाल्या, धुराने काळ्या पडलेल्या, कधीच्या ते कुणालाच आठवेना. तेही बी तिने भिजवलं, अंगावर धरलं. एकही मोड आला नाही.

ल्हादेन ठरल्यापेक्षा लवकर निघाली. खोल्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. गाडी रस्त्यावर थांबली होती तेव्हा तिने झेकोमला मिठी मारली.

"आमा मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

"तू पाहुणी आहेस," झेकोम म्हणाली.

ल्हादेन मागे झाली. "आझिम, तुला खरंच दिसलं नव्हतं?"

"नाही."

"मग ठीक." तिने नाक पुसलं. "तुला दिसलं असतं आणि तू बोलली नसतीस, तर मी आयुष्यात परत आले नसते." ती गाडीत बसली आणि हात हलवला. तिने विश्वास ठेवला की नाही हे झेकोमला तिच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. पुढे फोन पूर्वीसारखेच येत राहिले. पण ल्हादेन आईशी बोलायची, आणि आईने फोन झेकोमकडे द्यायच्या आत काही ना काही काम निघून तो बंद व्हायचा.

वाफा तापलेला होता आणि रिकामा होता. झेकोम खोऱ्यात दागोकडे उतरली. दागो तिच्याच वयाची, भातशेती आणि मिरचीवाली, जिभेने मिरचीहून जास्त तिखट.

"अगंबाई, आंगे गाकीची लेक? माझ्या दारात? बी मागायला?" दागोने सुपातला तांदूळ खाली ठेवला. "थांब, नवऱ्याला बोलावते. त्याने पाहिल्याशिवाय त्याला पटायचं नाही."

"असेल तर दे, दागो. नाहीतर जाते."

"बस गं. माझी आई मरेपर्यंत म्हणायची, गाकीच्या घरची एक लाल मिरची मिळाली असती तर आपल्या वरच्या शेतातसुद्धा पीक निघालं असतं. तुझ्या आईने काय सांगितलं होतं ठाऊक आहे? 'हिरव्या घे, हव्या तेवढ्या घे.'" दागोने कोठीतून पुडकं आणलं आणि झेकोमच्या ओंजळीत मोकळ्या हाताने बी ओतलं. "आम्ही देतो बाई. आमच्यात लपवायची रीत नाही. पण हे खालचं बी आहे. तुमच्या थंडीत ते लाल होणार नाही, हे आत्ताच सांगते. मागून माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

"आमची मिरची तुझ्याकडेही लावली असती तर..." झेकोम बोलता बोलता थांबली.

"तर दोन्हीकडे राहिली असती. हो. आता काय उपयोग?"

दागोचं बी झेकोमच्या पोटाशी चार दिवसांतच फुटलं. तिने ते आईपुढे धरलं. आंगे गाकीने जीभ बाहेर काढली नाही. "तू सांगतेस तर आले असतील मोड," ती म्हणाली.

रोपं झाली, शेतात गेली. कमरेएवढी वाढली, पानं रुंद, मर रोगही यंदा फिरकला नाही. हिरव्या मिरच्या लांब आणि जाड लागल्या. झेकोमने त्यांची चीज घालून दात्शी केली, आईने भाताबरोबर खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं.

"चांगली आहे," ती म्हणाली. "दागोला कळव. आवडली म्हणावं."

पाऊस सरला. झेकोम रोज सकाळी ओळीओळीने फिरे आणि प्रत्येक झाडाचं सगळ्यांत खालचं फळ उलटून पाही. आपल्या मिरचीचं या दिवसांत देठाजवळ तपकिरी व्हायला लागायचं. ही हिरवीच होती, चकचकीत आणि टणक.

मग एका पहाटे दव गोठलं. शेत पांढरं झालं आणि ऊन वर यायच्या आतच पानं काळी पडून लोंबली. फुब आणि झेकोम टोपल्या घेऊन गेले. गोठलेली मिरची ऊन लागलं की पाण्यासारखी मऊ होते, त्याआधीच तोडायला हवी होती. बोटं बधिर झाली होती. 

"फुब," झेकोम म्हणाली, "त्या दिवशी तू पुरे म्हणालास. का म्हणालास?"

तो पुढच्या झाडाकडे सरकला. "फळ्यांना फट आहे. जाळाजवळून सरळ दिसतं."

तिचा हात थांबला. "मग तू ओरडला का नाहीस? तू तर ओरडू शकला असतास."

"कशाला ओरडू? मला कुठे जायचं होतं?" त्याने मिरच्यांची मूठ टोपलीत टाकली. "मलाही याच घरात राहायचं होतं."

झेकोमला त्याचा राग यायला हवा होता. तिला वाटलं, निदान एका माणसासमोर तरी आता तोंड लपवायला नको. पण फुबने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि तिनेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

आंगे गाकी काठी टेकत बांधापर्यंत आली होती. अंगावर घोंगडी, पायांत नातवाचे जुने बूट.

"झेकोम, एखादी तरी लाल झाली का?"

"नाही, आमा."

"वरच्या बांधाला बघितलंस?"

"बघितलं. एकही नाही."

आंगे गाकी वाकली. चाचपडत तिने एका झाडावरची मिरची धरली, देठापासून टोकापर्यंत अंगठा फिरवला आणि सोडून दिली.

"मग लोसारनंतर परत जायचं दागोच्या दारात."

"हो."

"त्याच्या पुढच्या वर्षीही."

"हो, आमा."

"जात जा," आई म्हणाली. "घर तुझं आहे. मी असले काय, नसले काय." ती वळली आणि काठीने वाट शोधत घराकडे निघाली.

समोरच्या डोंगरावर ऊन उतरलं होतं आणि भराभर खाली येत होतं. फुबने रिकामी टोपली झेकोमच्या पायाशी सरकवली. तिने पुढची ओळ धरली.